भाऊबीजेची फवारणी

मिरचीच्या झाडावर कीड पडली म्हणून माणूस रडतो का? मी रडलो आहे. गच्चीवर, भर उन्हात, हातात शॅम्पूच्या पाण्याची बाटली धरून. शेजारच्या गच्चीवर एक बाई गहू वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं आणि शहाण्या बाईसारखी पाठ फिरवली. सगळा जन्म बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात गेलेला, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले, आणि मी चुरडलेल्या पानांसमोर उभा राहून डोळे पुसत होतो.

आमची मिरची साधी नव्हती, असं मी म्हटलं की लोक हसतात. ज्याला त्याला आपली मिरची खासच वाटते. म्हणून आधी बायकोचं सांगतो.

त्या पावसाळ्यात तिला ताप आला. आठवडाभर राहिला आणि गेला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. सुरुवातीला आम्ही त्याची गंमत केली. दूध करपून घरभर धूर झाला तरी ही आपली शेजारी बसून लसूण सोलते आहे. मी म्हटलं, "बरं झालं, आता माझ्या मोज्यांवरून भांडण होणार नाही." ती हसली. तिचं ते हसणं पुढे फार दिवस टिकलं नाही.

कारण तिनं खाणं सोडलं. हट्टानं नव्हे. घास तोंडात घ्यायची, चावायची, आणि मग डोळे मिटून बसायची. "कापूस चावून राहिली असं वाटते जी," म्हणायची. "गिळू कसं?" वरण, भात, पोळी, पुरण, सगळा कापूसच. डॉक्टर म्हणाले, चव हळूहळू येईल, काहींना महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. तोवर जबरदस्तीनं खाऊ घाला. जबरदस्ती! डॉक्टरांची माझ्या बायकोशी नीट ओळख झाली नव्हती, दुसरं काय. मी ताट पुढे सरकवायचो, ती मागे सारायची. मी ओरडायचो, ती गप्प व्हायची. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, घरात आम्ही दोघंच. दोघांमध्ये एक ताट आणि त्यातलं थंड होणारं अन्न.

बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. ब्लाउज मी स्वतः टाचण्या लावून आवळून द्यायचो. तिला काही व्हायचं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ही आता जाणार, आणि तीही कशानं, तर भुकेनं, भरल्या घरात.

अशात एक दिवस ती गच्चीवर बसली होती आणि तिनं आपल्या झाडाची एक मिरची तोडून सहज दातांखाली धरली. खालून मला तिची हाक ऐकू आली. मी धावत वर गेलो तर ही स्स-स्स करत, नाकाडोळ्यातून पाणी गाळत उभी. "लागली जी! लागली!" चव नव्हती, वास नव्हता, पण तिखट लागत होतं. तिखटाला जिभेची चव लागत नाही, ते आगीसारखं नुसतं पोळतं, असं नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं त्या मिरच्यांचा ठेचा केला, लसूण आणि जवसाचं तेल घालून, आणि त्याच्याबरोबर अख्खी ज्वारीची भाकर खाल्ली. मी समोर बसून पाहत होतो. लग्नातसुद्धा मी तिच्याकडे इतकं टक लावून पाहिलं नसेल.

ही मिरची तिच्या माहेरची, नरखेडकडची. बुटकी, जाड सालीची, देठावर आभाळाकडे तोंड करून उभी राहणारी. तिच्या आईच्या अंगणात होती. पुढे अंगण गेलं, वावरात संत्र्याची बाग झाली आणि माहेरात ती मिरची उरली नाही. उरली ती आमच्या गच्चीवर, गळक्या कूलरच्या टाकीत माती भरून लावलेली सहा-सात झाडं. बाजारातल्या हिरव्या मिरच्या मी आणून पाहिल्या, ती काकडीसारख्या खाऊन मोकळी झाली. एकदा सावजी रस्सा आणला, लालभडक तर्रीचा. म्हणाली, "हे तिखट पोटाले लागते, मले तोंडाले पाहिजे." पोटाला मात्र असं लागलं की पुढे दोन दिवस ताकाशिवाय काही गेलं नाही. तेव्हा बाकीचे प्रयोग बंद. टाकीतली मिरची होती तोवर भाकर होती, एवढा साधा हिशेब होता.

आणि नेमक्या त्याच मिरचीवर कीड पडली.

आधी शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळली. मग आकसली, चामड्यासारखी झाली. आमच्याकडे याला बोकड्या म्हणतात. मी पांढरं ताट फुलांखाली धरून फांदी झटकली तर ताटात पिवळट, बारीक, केसाच्या तुकड्याएवढे जीव पळायला लागले. फुलकिडे. पानांच्या मागे मावाही होता, चिकट, आणि त्याच्या गोडाला चटावलेले मुंगळे. एवढ्याशा जिवांनी माझ्या बायकोच्या तोंडचा घास धरला होता. मी एकेक पान उलटून बोटानं चिरडत बसायचो आणि तोंडानं शिव्या द्यायचो. किड्यांना शिव्या लागत नाहीत, हे त्यातून शिकलो.

सल्ला देणारे मात्र फुकटात मिळाले. आमच्या लेआउटमध्ये, वसाहतीत म्हणा, प्रत्येकाच्या मामाचं शेत आहे. एक म्हणाला चुलीची राख टाका. चूल आणू कुठून? समोरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख मागून आणली आणि फेकली. पानं करडी झाली, किडे त्याखाली मजेत. दुसरा म्हणाला शॅम्पूचं पाणी. तिसरा म्हणाला आंबट ताक, तांब्याच्या भांड्यात मुरवून. गच्चीला असा वास सुटला की मीच नाक धरून चढायचो, आणि बायको शांतपणे तिथे बसलेली. तिला तेवढं सुख होतं.

मग मी निंबोळीचं तेल आणलं. कारखान्याला सुट्टी होती, सकाळ झोपण्यात गेली, म्हणून दुपारी फवारलं. ऑक्टोबरचं नागपूरचं ऊन, त्यात तेल, आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून मी हात सैल सोडून घातलेला भांड्याचा साबण. संध्याकाळी पाहतो तर पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. बायकोनं एक पान हातात घेतलं. कुरकुरीत होऊन तुटलं ते.

"तळून ठेवली का जी झाडं?" ती म्हणाली.

"उन्हात मारायचं नसते, हे मले आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मले विचारलं होतं का?"

मी विचारलं नव्हतं. रागारागानं बाटली आपटली. ती फुटली आणि उरलेलं तेल जिन्यावर सांडलं, ते पुसायलाही मलाच बसावं लागलं. मिरच्या मात्र झाडांवर अजून थोड्या होत्या, जुन्या फांद्यांवर. ठेच्यात आता दोनच्या जागी एक पडायला लागली आणि भाकर अर्धी झाली.

दिवाळी आली ती अशी. भाऊबीजेला दरवर्षीप्रमाणे माझा साळा नरखेडहून मोटारसायकलवर आला. बायकोचा हा धाकटा भाऊ, एकुलता एक. संत्र्याची बाग तोच पाहतो. आडदांड गडी, पण बहिणीला पाहिलं आणि दारातच थांबला. बहुतेक ओळखायलाच वेळ लागला असावा. मग आत जाऊन पाणी प्याला, पुन्हा प्याला.

तिनं त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, दिवा ओवाळला. त्यानं खिशात हात घातला तशी ती म्हणाली, "पैसे नोको टाकू. साडी बी नोको."

"मंग काय टाकू बाई ओवाळणीत?"

"माह्या झाडाईले वाचव."

ओवाळणीत मागितलेलं नाही म्हणायचं नसतं. तो गच्चीवर गेला, पानं पाहिली, फुलं झटकली, आणि खाली येऊन म्हणाला, "हे निंबोळी-गिंबोळीचं काम नाई राहिलं आता. उद्या येतो पंप घेऊन. औषध हाय माह्याकडे, एका फवाऱ्यात साफ होते." मी म्हटलं, अरे, एवढ्या लांबून पुन्हा कशाला, औषध सांग, मी आणतो. तर म्हणे, "ओवाळणी हाय भाऊजी. ती दुसऱ्याच्या हातानं द्यायची नसते."

दुसऱ्या दिवशी दुपार उतरता उतरता तो खरंच आला, पाठीवरचा मोठा पंप मोटारसायकलला दोरीनं बांधून. उशीर झाला म्हणून स्वतःच सांगायला लागला, सकाळी बांधावरचं गवत मारायचं राहिलं होतं, ते आटोपूनच निघालो. "पंप पाण्यानं विसळून आणला," म्हणाला. मी बादली भरून देत होतो. ऐकलं, आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष बायकोकडे होतं. ती तयार झालेल्या सगळ्या मिरच्या आधीच तोडून पदरात घेऊन बसली होती आणि कित्येक दिवसांनी तिच्या तोंडावर रंग होता. तो पंप पाठीवर चढवून त्या सहा-सात झाडांवर असा फवारत होता जशी काही सगळी बागच पुढ्यात आहे. पानाची पाठ सोडली नाही की फांदीची बगल. जाताना म्हणाला, "आठ-दहा दिवस तोडजो नोको बाई. मंग पाय, झाड कसं हसते ते."

किडे मेले. ते खोटं नाही. दुसऱ्या दिवशी ताटात एकही पळाला नाही. मी गच्चीवरूनच ओरडून तिला सांगितलं.

आणि मग झाडं वाकडी व्हायला लागली. शेंडे खाली मान घालून पिळवटले. पानांचे देठ उलटे वळले. नवीन पानं आली ती लांबट, दोरीसारखी, शिरा एकमेकींना चिकटलेल्या. फुलं गळून टाकीत पडली. मी ते पाहिलं आणि लगेच ओळखलं, कारण हे मी लहानपणी आमच्या गावच्या कपाशीत पाहिलं होतं. गवत मारायचं औषध ज्या पंपातून फवारलं, तोच पंप नुसता पाण्यानं विसळून कपाशीवर चालवला की कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं होतं. नळीत, झारीत, पंपाच्या तळाशी तणनाशक थेंबभर उरतं आणि तेवढं पुरतं. घरात एकच पंप असतो. सोड्यानं धुवायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि घाईत सगळेच विसळून घेतात. हा बहिणीसाठी घाईत होता.

करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय. मी खाली आलो तो फोन शोधतच. कुठे आहे फोन? आज त्याला असा झाडतो की त्याच्या बागेतली संत्री गळून पडतील. एवढी वर्षं शेती करतो, पंप धुवायची अक्कल नाही? आपल्या बहिणीचा घास आपल्या हातानं जाळला, आणि वर म्हणे ओवाळणी!

फोन बायकोच्या मांडीवर होता. तिनं त्यावर हात ठेवला.

"त्याले काही सांगायचं नाई."

"नाही कसं? त्याला कळलं पाहिजे."

"कळून काय होईन जी? झाडं सरळ होईन का? तो जेवण सोडीन तिकडे. माह्यावानी." आणि माझा हात धरून म्हणाली, "माही शपथ हाय तुमाले."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी शपथ मोडली नाही, पण मनात ठरवलं की या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. त्याचा फोन आला की मी उठून बाहेर जायचो.

तोडून ठेवलेल्या मिरच्या फ्रीजमध्ये होत्या तोवर ठेचा चालला. मग त्या संपल्या. नवीन बी लावून रोप वर यायचं, झाड व्हायचं, मिरची धरायची, म्हणजे होळी उजाडणार. तोवर हिनं काय करायचं? मी लोणची आणली, मिरे कुटून घातले, आलं किसून घातलं. घास पुन्हा कापूस झाला. ताट पुन्हा दोघांच्या मध्ये येऊन बसलं.

एक दिवस कारखान्यातून आलो तर ती स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात काही ठेचत होती. वर जाऊन पिळवटलेल्या झाडांवरच्या उरल्यासुरल्या मिरच्या तोडून आणल्या होत्या तिनं. वाकड्या, आखूड, कुबड आलेल्या. औषधाच्या, आणि त्या दुसऱ्या विषाच्याही. मी खलबत्ता ओढला. ती सोडेना. एवढा अशक्त जीव, पण सोडेना.

"धुतल्या मी जी. चार पाण्यानं धुतल्या."

"विष आहे ते! मरायचं आहे का तुला?"

"तशी बी मरूनच राहिली ना मी!"

मी खलबत्ता उचलून मोरीत पालथा केला आणि नळ सोडला. ती ओरडली नाही, रडली नाही. हिरवं पाणी जाळीतून जाताना पाहत राहिली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिला म्हटलं, मला भीती वाटते, तू गेलीस तर मी काय करू. इतक्या वर्षांत असं काही मी तिला कधी म्हटलं नव्हतं. तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं, आणि तरीही त्या रात्री ती उपाशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुधीची भाजी आणि वरण केलं, भाकरी कामवाल्या बाईनं करून ठेवल्या होत्या. ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. ती भाकरीच्या कडेवरून बोट फिरवत बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊ, आणि तोही व्हिडिओवर. मी नेहमीप्रमाणे उठलो, पण हातात वरणाचं पातेलं होतं म्हणून दाराशीच थांबलो.

"बाई, झाडं कशी हायेत वं? दाखव बरं."

"आता अंधार पडला गा. मंग दाखवीन कधी."

"हसले का नाई?"

"हसले ना. लय मिरच्या लागल्या." माझी बायको खोटं बोलताना कपाळावरचा पदर नीट करते. तिनं तो केला.

"जेवून राहिली का? ठेचा हाय का ताटात? पायू दे, कशी खाते ते."

फोन वाटीला टेकवलेला होता, ताट त्याला दिसत नव्हतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, दुधीच्या भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि चावला. मग ओठ आवळून स्स-स्स करत श्वास ओढला. "बाप्पा! कसली तिखट लागून राहिली!" डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला वाटलं तिखटानं. त्यानं तिकडे आनंदानं मांडीवर थाप मारली. "म्हनजे ओवाळणी फळली माही! खाय बाई, आनखी खाय." तिनं दुसरा घास घेतला. तो पाहत होता, म्हणून गिळला. तिसरा घेतला, आणि तोही गिळला. कापूसच गिळत होती ती, मला दिसत होतं. माझ्या ओरडण्यानं, माझ्या विनवण्यांनी जो घास खाली उतरत नव्हता, तो या अडाण्यासाठी उतरत होता. मला राग आला, हेवा वाटला, आणि मी पातेलं हातात धरून श्वास रोखून उभा राहिलो.

अर्धी भाकर झाली तेव्हा तो म्हणाला, "बरं बाई, ठेवतो मंग."

तिचा हात ताटात जागच्या जागी थांबला.

मी दोन ढांगांत पुढे आलो आणि फोनसमोर वाकलो. माझं तोंड पाहून तो चपापला. "भाऊजी? काहून? काही झालं का?"

"काही नाई झालं," मी म्हटलं. "ठेवू नोको गा फोन. संत्र्याची तोडणी कशी चालली हाय, सांग. सगळं सांग, निवांत."

तो सांगायला लागला. बायको माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या वाटीत वरण वाढलं, आणि तिनं पुढचा घास मोडला.